गाणं कुणाचं? आधी नाव सांगा!

आज आपण गाण्यांबद्दल बोलणार आहोत. खुरपताना, भाकरी थापताना, एसटीत बसल्यावर गाणं आपल्या सोबतीला असतंच. पूर्वी ते ओठांवर असायचं, आता मोबाईलमध्ये असतं. मला जुनी गाणी शोधून ऐकायचा नाद आहे. त्या नादात सापडलेल्या चार गोष्टी आज तुम्हाला सांगते. या चारही गोष्टी ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा: गाणं गावोगाव जातं, पण गाणारीचं नाव त्याच्याबरोबर जातं का?

पहिली गोष्ट १९०२ सालची, कलकत्त्याची. आपल्या देशात तेव्हा गाण्याच्या तबकड्या नुकत्याच निघू लागल्या होत्या. परदेशातून आलेल्या माणसांनी एक यंत्र मांडलं. त्या यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, तेही जेमतेम तीन मिनिटं. मोठमोठे उस्ताद याला बिचकत होते. त्या काळी पुढे आल्या त्या बहुतेक करून कोठ्यांवर गाणाऱ्या बायका. त्यांतली सर्वांत गाजलेली गौहर जान. तिच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. गाणं संपलं की ती ठणकावून इंग्रजीत सांगते, माझं नाव गौहर जान. त्याला कारण होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणाचा हे कळावं म्हणून नाव बोलून ठेवायची पद्धत होती. कारण कामापुरतंच होतं, पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही ती बाई स्वतःच्या आवाजात आपली ओळख सांगते आहे.

आपल्याकडे ही रीत नवी नव्हती. जनाबाईंचे अभंग आठवा. शेवटच्या ओळीत 'जनी' येतेच. घरची धुणीभांडी, दळणकांडण करणारी बाई, पण अभंगात तिनं आपलं नाव गुंफलं. म्हणून सातशे वर्षांनी आपण ते जनाबाईंचे अभंग म्हणून गातो. लावणीचं मात्र वेगळं. शेवटी नाव येतं ते रचणाऱ्या शाहिराचं, नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईचं नाही. आणि आपला उखाणा तर बघा. त्याला 'नाव घेणं' म्हणतात, पण नाव कुणाचं? नवऱ्याचं!

दुसरी गोष्ट सिनेमाची. १९४९ साली 'महल' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यातलं एक गाणं इतकं गाजलं की लोक वेडे झाले. तबकडीवर गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी'. पण कामिनी हे तर सिनेमातल्या पात्राचं नाव! तेव्हा तशीच पद्धत होती. हा आवाज कुणाचा, असं विचारणारी पत्रं लोकांनी रेडिओला पाठवली. रेडिओवाल्यांनी कंपनीकडे चौकशी केली आणि मग नाव जाहीर झालं: लता मंगेशकर. पुढे फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले, तर त्यात संगीतकाराला बक्षीस होतं, गाणाऱ्याला नव्हतं. लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. एवढ्या मोठ्या गायिकेलाही नाव मागून घ्यावं लागलं, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट आपल्या खानदेशची. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता गाणी सुचायची आणि त्या गायच्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातली काही उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. १९६१ च्या 'मानिनी' सिनेमात त्यांच्या रचना आल्या आणि घराघरांत पोचल्या. विचार करा, ती वही नसती तर? गाणी एक तर विरून गेली असती, नाही तर 'पारंपरिक' म्हणून कुणाच्याही नावावर फिरली असती. आणि ज्या बाईच्या घरी लिहिणारं कुणी नव्हतं, तिच्या गाण्यांचं काय झालं असेल?

त्याचं उत्तर चौथ्या गोष्टीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघे काम करत होते. गरीब कष्टकऱ्यांत राहताना त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आणि ऐंशीच्या दशकापासून त्या जमवायला लागले. वर्षानुवर्षं हे काम चाललं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. काही बायकांचे आवाजही टेप केले. आज 'परी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. मला यातलं सर्वांत काय आवडलं सांगू? ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ओवीत राम-सीता, विठोबा, माहेर, भाऊ, लेक, सासुरवास सगळं येतं. शेजारी त्या बाईचं नावही उभं आहे. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या थांबल्या. पण या बायकांची नावं पुसली गेली नाहीत.

आता आजचं बघा. लग्नात डीजेवर गाणी वाजतात, मोबाईलवर तीस सेकंदांचे रील फिरतात. एखाद्या आजीचं भोंडल्याचं किंवा हळदीचं गाणं कुणी तरी टिपतं, लाखो लोक बघतात. खाली लिहिलेलं काय असतं? 'गावाकडची आजी'. आजीला नाव नाही का? गाणं पसरलं याचा आनंदच आहे. पण पैसा आणि मान नावाच्या मागे जातो. नावच नसेल तर दोन्ही दुसऱ्याच्या दारी जातात.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्याचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात, ते सगळ्यांचे. पण ते गाणं तुम्ही गायलात, तर त्या गाण्यावर गाणारी म्हणून तुमचा हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात याला कलाकाराचा हक्क म्हणतात आणि तो पन्नास वर्षं टिकतो. तुमच्या परवानगीशिवाय कुणी तुमचं गाणं टिपून विकू शकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, गाणारी म्हणून माझं नाव द्या, असं सांगायचाही हक्क मिळाला आहे. सिनेमासाठी नियम थोडे वेगळे आहेत. म्हणून कुणी कागदावर सही मागितली, तर आधी तो कागद कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.

मग आपण काय करायचं? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास गाण्यांना द्या. गावातली सर्वांत जास्त गाणी येणारी बाई कोण, ते ठरवा. तिची परवानगी घ्या. काही गाणी फक्त बायकांत म्हणायची असतात, ती बाहेर द्यायची की नाही हे तिनंच ठरवायचं. पंखा बंद करा, गिरणी आणि रस्त्यापासून लांब बसा, मोबाईल तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. गाण्याआधी तिला बोलायला सांगा: माझं नाव अमुक, गाव अमुक, हे गाणं मला आईनं की सासूनं शिकवलं, कुठल्या कामाला किंवा सणाला म्हणतात. मग गाणं. हीच माहिती तारीख घालून गटाच्या वहीतही लिहा. टिपलेलं गाणं एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल बिघडतो, पाण्यात पडतो. निदान आणखी एका जागी उतरवून ठेवा.

आणि रेडिओकडे पाठवा. सामुदायिक रेडिओचा नियमच आहे की निदान निम्मे कार्यक्रम आसपासच्या लोकांच्या सहभागातून व्हावेत. म्हणजे तुमचं गाणं लावणं हे आमचं कामच आहे. एकच मागणं. गाणं पाठवाल तेव्हा, मैत्रिणींनो, लाजू नका. आधी आपलं नाव खणखणीत सांगा.