कान्हेरीचं पाणी

कान्हेरीची सरकारी ओळख एका दमात सांगता येते. साष्टीच्या डोंगरात, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि भिक्षूंचा वावर पुढे जवळजवळ हजार वर्षं टिकला. 3 क्रमांकाचं चैत्यगृह, 41 क्रमांकाचा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर यांचे फोटो सगळीकडे दिसतात. पण हा विहार हजार वर्षं नांदला तो मूर्तींवर नव्हे, पाण्याच्या व्यवस्थेवर. आणि खाडीपल्याडच्या नवी मुंबईने तरी कान्हेरीकडे आधी याच अंगाने पाहायला हवं.

चैत्यगृह मागे टाकून वर चढलं की ही व्यवस्था दिसू लागते. लेण्यांच्या कपाळावर खडकात बारीक पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावरून ओघळणारं पावसाचं पाणी त्या अंगणावर पडू देत नाहीत. बाजूला वळवून ओसरीलगतच्या टाक्यात सोडतात. टाक्याचं तोंड लहान, आतली पोकळी ऐसपैस. ऊन आत शिरत नाही, त्यामुळे वाफ कमी होते आणि शेवाळही फारसं धरत नाही. छप्पर, पन्हळ आणि साठवण, सगळं एकाच कातळात.

यावर कोणी म्हणेल, यात योजना कसली? दात्यांनी पुण्यासाठी जमेल तसं खोदवलं. खरं आहे. चौलच्या एका सराफाने इथे पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याचा शिलालेख आहे. कल्याण-सोपाऱ्याचे दातेही आहेत. पण शतकांच्या अंतराने आलेले इतके दाते खोलीबरोबर पाण्याचीही सोय करतात, तेव्हा त्यामागे विहाराची शिस्त असलीच पाहिजे. शिवाय दान खोदकामापाशी थांबत नव्हतं. अक्षयनिधी ठेवला जाई, शेताचं उत्पन्न लावून दिलं जाई आणि त्यातून भिक्षूंच्या चिवरांचा खर्च चाले. बांधण्याइतकंच चालवण्याचंही भान या देणग्यांत आहे. आपल्या उद्‌घाटनाच्या कोनशिलांत ते मला क्वचितच दिसतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: काही शे भिक्षूंची टाकी लाखोंच्या शहराला काय शिकवणार? नवी मुंबईला खालापूरजवळचं मोरबे धरण पाणी पुरवतं, आणि स्वतःचं धरण असण्याचा महापालिकेचा अभिमान रास्तच आहे. टाकी त्या धरणाची जागा घेणार नाहीत. पण नव्या इमारतींना पाऊसपाणी साठवण्याची अट घातली जाते, ती भोगवटा प्रमाणपत्रापुरती पाळून चालत नाही. पुढे गच्चीवरच्या पन्हळी झाडायच्या कोणी, त्यासाठी पैसा कुठून, हे प्रश्न सोसायटीच्या सभेत पुढच्या सभेवर ढकलले जातात. विहाराला ते ढकलता आले नसते. चुकलेल्या पावसाळ्याची शिक्षा पुढचे आठ महिने, आणि जवळ पर्यायी नळ नाही.

आज अडचण वेगळी आहे. जतन म्हटलं की कोरीवकामाला पाण्यापासून वाचवणं आलं, आणि ही वास्तू तर पाणी खेळवण्यासाठीच घडवलेली. मूर्तींना संरक्षण मिळतं. पन्हळीत साचलेली माती, टाक्यात फेकलेली प्लॅस्टिकची बाटली कोणाच्या खिजगणतीत नसते. पुरातत्त्व खात्याने निवडक पन्हळी मोकळ्या करून पाण्याची वाट दाखवणारे फलक लावले, तर अर्धं काम होईल. उरलेलं पाहणाऱ्यांनी करावं: पावसाळ्यात जावं, 3 क्रमांकापाशी न थांबता वर चढावं. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.