पाण्याखालचे श्रम, काठावरचा हिशेब

पालम हे परभणी जिल्ह्यातील गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. जहाजांच्या तळाची दुरुस्ती करणाऱ्या पाणबुड्यांचा विषय तेथे काढणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु या तालुक्याला गोदावरीचा काठ आहे, डिग्रसच्या बंधाऱ्यामुळे तिच्या पात्रात खोल पाणी साठते, आणि पाण्यात उतरण्याचे कसब नदीकाठच्या माणसांजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोणी बुडाले की भोई समाजातील पोहणाऱ्यांना हाक जाते. परभणी-नांदेड पट्ट्यात तराफ्यावरून बुडी मारून टोपलीने वाळू काढणारे मजूरही आढळतात. बेकायदा उपशावर कारवाई होऊन तराफे जाळले गेले की त्याची बातमी होते. मजुराच्या जिवाची चर्चा सहसा होत नाही.

हेच कसब समुद्रावर गेले की त्याला बाजारभाव येतो. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटतात, पाण्याचे घर्षण वाढते आणि इंधनाचा खर्चही वाढतो. जहाज सुक्या गोदीत चढवावे तर गोदीचे भाडे पडते, शिवाय जहाज अडकून राहते ते निराळेच. जहाजाच्या तळाची पाहणी पाच वर्षांत किमान दोनदा व्हावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मालवाहू जहाजांच्या बाबतीत काही अटींवर त्यांपैकी एक पाहणी जहाज तरंगत असतानाच करता येते. मग पाणबुड्या खाली उतरतो. तळ घासणे, पंख्याची पाती साफ करणे, गंज रोखणारे जस्ताचे ठोकळे बदलणे, पंख्यात अडकलेला दोर कापणे ही त्याची नित्याची कामे. मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात ती पुष्कळदा हाताच्या स्पर्शानेच करावी लागतात. १९७४ साली बॉम्बे हाय येथे तेल सापडल्यावर तर या व्यवसायाला आपल्याकडे नवे क्षेत्र लाभले.

तेव्हा नदीकाठच्या तरुणाने सरळ बंदराची वाट धरावी, असे कोणी म्हणेल. येथेच खरी मेख आहे. नदीत बुडी मारणारा श्वास रोखून उतरतो. वर येताना त्याच्या छातीतील हवा मूळच्या आकारमानाला परत येते, एवढेच. जहाजाच्या तळाशी काम करणारा मात्र नळीतून दाबाखालची हवा घेत असतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटते. श्वास रोखण्याची जी सवय नदीत प्राण वाचवते, तीच येथे प्राण घेते. खोलवर बराच वेळ काम करून घाईने वर आल्यास रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन पक्षाघात होऊ शकतो. हवेची नळी मिळाली म्हणजे धोका टळला असे वाटते. वस्तुतः धोक्याची केवळ जात बदललेली असते.

म्हणूनच जाणत्या बंदरांत पाणबुड्या कधी एकटा उतरत नाही. वर देखरेख करणारा असतो, प्रसंगी मदतीला उतरण्यासाठी दुसरा तयार असतो, पंखा व पाणी ओढणारे पंप बंद करून ते कोणी चालू करणार नाही याची तजवीज केलेली असते, आणि खाली माणूस आहे हे सांगणारे पांढरे-निळे निशाण लावलेले असते. ब्रिटनने तर १९९७ साली यासाठी स्वतंत्र नियम केले.

ॲडम स्मिथने १७७६ साली वेतनातील तफावतीची जी कारणे सांगितली, त्यांत कामाचा त्रासदायकपणा आणि ते शिकण्यास लागणारा खर्च यांचा समावेश होतो. पाणबुड्याला दोन्ही लागू पडतात. परंतु कष्ट सोसण्याची तयारी गरिबाजवळ असते. शिकण्याचा खर्च त्याला परवडत नाही. ठेकेदार तो करीत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याकडे जाईल. बाजारावर सोडले, तर अशिक्षित धाडस स्वस्तात विकले जाणार आणि त्याची किंमत विधवेने मोजायची, असाच हा व्यवहार राहील.

हे काम केवळ समुद्राचे नाही. बंधाऱ्याच्या दरवाजात गाळ वा ओंडका अडकला आणि साठा सोडून देता येत नसला, म्हणजे तेथेही पाण्याखालीच हात घालावा लागतो. गोदावरीवर बंधाऱ्यांची मालिका उभारणाऱ्या राज्याला अशा कारागिरांची गरज कायम राहणार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन आणि जोडारी घडतात, तसे पाणबुडेही सरकारी खर्चाने का घडू नयेत? कोचीला नौदलाची पाणबुड्यांची शाळा आहे. आवश्यक ज्ञान देशात उपलब्ध आहे. आणि ते पोहोचेपर्यंत, शोधकार्यासाठी हाक मारलेल्या पोहणाऱ्याला ठरलेली मजुरी व विमा देण्यास कोणत्याही प्रशिक्षणाची वाट पाहावी लागत नाही.

पुराच्या दिवशी त्याचा सत्कार होतो, शालही मिळते. तेवढ्याने समाजाची फेड होत नाही. धाडसाचे कौतुक करणे सोपे आहे. त्या धाडसाची गरज कमी करणे, हे शहाण्या समाजाचे काम आहे.