‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारच्या वेळी एक शिक्षिका आमच्या महागावच्या घरी आल्या. तालुक्यातल्याच एका अनुदानित हायस्कुलात शिकवतात. चहापाणी झाले आणि त्यांनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढला.

“बाई, हा मसुदा बघून माझ्या अक्षरात लिहून द्यायचं म्हणतात. देऊ का?”

मी तो उघडलाही नाही. आत काय असणार हे मला पाठ होते. मुख्याध्यापकपदावरचा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे! पंचवीस वर्षांपूर्वी असाच कागद मी लिहून दिला होता.

मुख्याध्यापक संस्थाच नेमते, असे पुष्कळांना वाटते. नेमते खरी, पण मनाला येईल त्याला नव्हे. अनुदानित शाळेत पगार सरकारचा, नेमणूक संस्थेची आणि मान्यता जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, असा हा तीन हातांचा कारभार आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली कायदा झाला आणि १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. तिच्यानुसार पात्र असलेल्या आणि सेवा समाधानकारक असलेल्या शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ, त्यालाच ही खुर्ची द्यावी लागते. माध्यमिक शाळेसाठी पदवी आणि बी.एड. हवे, पदवीनंतरचा पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव हवा, त्यातली दोन वर्षे बी.एड.नंतरची हवीत.

ज्येष्ठता कोणाची, हे अनुसूची ‘फ’प्रमाणे केलेली यादी सांगते. ती यादी शिक्षकांना दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि वाद झाला तर शिक्षणाधिकाऱ्यांनी निर्णय द्यायचा. मग प्रस्ताव यवतमाळला जातो. मान्यता आल्याशिवाय मुख्याध्यापकाची वेतनश्रेणी मिळत नाही. ज्येष्ठाला डावलले तर त्याला तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. अल्पसंख्याक संस्थांना मात्र मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मधली संस्था नसते, तिथे पदोन्नती परिषदच करते. पण तिथला अडसर वेगळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला दीडशेवर, सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर मुख्याध्यापक ठरवून दिला. लहान गावच्या शाळेत वर्गशिक्षकच प्रभारी म्हणून किल्ल्या सांभाळतो.

म्हणजे नियम चांगला आहे. वशिल्याच्या दाराला त्याने भक्कम कडी घातली. फक्त एक खिडकी उघडी राहिली. ज्येष्ठ शिक्षकाने स्वेच्छेने, लेखी, शिक्षणाधिकाऱ्यांकडे हक्क सोडला, तर त्याच्या मागच्याला नेमता येते. नियम करणाऱ्यांनी ही सोय खरोखर नको असलेल्यांसाठी ठेवली असणार. पण खेड्यापाड्यातली ‘स्वेच्छा’ कशी तयार होते, हे मी माझ्याच ओसरीवर पाहिले.

संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले होते. धमकी नाही, चढा आवाज नाही. “बाई, तुम्ही आमच्या घरच्याच. सासूबाई अंथरुणाला, ह्यांची नोकरी पुसदला. यवतमाळच्या चकरा, संचमान्यता, पगारबिलं... कशाला ही दगदग?” जाता जाता थोरल्याच्या नोकरीचेही बघू म्हणाले. मला मोह झाला नाही, असे म्हणणार नाही. मी लिहून दिले. यादीत माझ्या खाली असलेले सर मुख्याध्यापक झाले. माणूस वाईट नव्हता, शाळाही त्यांनी नीट चालवली. थोरल्याची नोकरी काही झाली नाही, ते जाऊ द्या.

खरी चूक पुढे झाली. चार वर्षांनी ते सर निवृत्त झाले आणि जागा पुन्हा मोकळी झाली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मला ती खुर्ची आता हवी होती. पण “बाई, तुम्ही तर मागेच लिहून दिलंय, आता फक्त नवी तारीख टाकायची” असे मला सांगण्यात आले आणि मी ते खरे मानले. निवृत्त झाल्यावर नियमावली हाती आली तेव्हा वाचले, की एकदा हक्क सोडला म्हणून पुढच्या जागेवरचा हक्क जात नाही. तिथे तसे सरळ छापलेले आहे. तीस वर्षे मुलांना धडे समजावून वाचायला लावले, आणि स्वतःच्या कामाचे एक पान वाचले नाही.

म्हणून मला वाटते, असा कागद आला की मान्यता देणाऱ्यांनी त्या शिक्षकाला समोर बसवावे. संस्थेचे कोणी सोबत नको. ज्येष्ठता यादीतले त्याचे नाव दाखवावे, पुढचा हक्क शाबूत आहे हे सांगावे आणि मग विचारावे, तुम्हाला खरेच नको आहे का? दहा मिनिटांचे काम आहे. कागदावर अक्षर दिसते, ओसरीवरची माणसे दिसत नाहीत.

हे सगळे मी त्या शिक्षिकेला सांगितले. देऊ नका, असे मात्र म्हटले नाही. घर त्यांचे, दगदग त्यांची. त्यांनी मसुद्याची घडी पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि उंबऱ्यावर थांबून विचारले, “बाई, तेव्हा हे माहीत असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

पहिल्या वेळी कदाचित तेच केले असते. दुसऱ्या वेळी नाही.