तीन मीटरांतला चेंडू

एडिनबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात एक विलक्षण प्रयोग केला. गोल्फच्या चेंडूला त्यांनी एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, फितीचे दुसरे टोक जमिनीशी पक्के केले आणि एका चांगल्या खेळाडूला तो चेंडू एक-दोन यार्डांवरच्या चिकणमातीच्या भिंतीत मारायला सांगितला. चेंडू मातीत रुतला, की फितीला पडलेले पीळ मोजायचे. जितके पीळ, तितक्या चेंडूने वाटेत घेतलेल्या गिरक्या. गोल्फचा चेंडू उलटा फिरत उडतो आणि ही उलटी फिरकीच त्याला हवेत तोलून धरते, हे टेट यांनी दाखवून दिले.

घरातल्या सरावासाठी आज जी लाँच मॉनिटर नावाची यंत्रे मिळतात, त्यांच्यापुढचा प्रश्न हाच आहे. चेंडू जेमतेम तीन मीटर जातो आणि जाळीत किंवा पडद्यावर अडतो. तेवढ्यावरून सांगायचे, की मोकळ्या मैदानावर तो किती लांब गेला असता, किती उंच चढला असता, कुठल्या बाजूला वळला असता. सहाशे डॉलरपासून वीस हजार डॉलरच्या वरपर्यंतची यंत्रे याच प्रश्नाचे उत्तर देतात. त्यांची तुलना करताना लोक दाखवलेल्या आकड्यांची संख्या मोजतात: याच्यात पंधरा, त्याच्यात सव्वीस. मला ही मोजणी निरुपयोगी वाटते. यंत्राने कोणता आकडा प्रत्यक्ष टिपला आणि कोणता हिशेबाने काढला, एवढे कळले की निवडीचा बराचसा गुंता सुटतो.

क्लबचे तोंड चेंडूला सुमारे अर्धा मिलिसेकंद टेकलेले असते. ते सुटले, की खेळाडूच्या हातात काही उरत नाही. त्या क्षणी चेंडूचा वेग, वर उठण्याचा कोन, दिशा, फिरकी आणि फिरकीच्या अक्षाचा कल एवढे ठरलेले असते. पुढचे सगळे गुरुत्वाकर्षण आणि हवा यांच्याकडे. म्हणून या पाच गोष्टी अचूक कळल्या, तर बंद खोलीतही चेंडूचा पूर्ण मार्ग काढता येतो. यांतल्या वेग आणि कोन या गोष्टी बहुतेक यंत्रांना बऱ्यापैकी जमतात. कस लागतो तो फिरकीला.

इथे यंत्रांची दोन घराणी वेगळी होतात. पहिले रडारचे. डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये ट्रॅकमन ही कंपनी निघाली. तिचे तंत्र उभे करणारे फ्रेडरिक टुक्सेन त्याआधी वायबेल या कंपनीत तोफगोळ्यांसारख्या वेगवान वस्तूंचा माग घेणाऱ्या रडारवर काम करत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या फ्लाइटस्कोपची गोष्टही अशीच आहे. हेन्री जॉन्सन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या कंपनीचे मूळ काम लष्करी माग-यंत्रांचे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या चेंडूचा वेग पडद्यावर दाखवणारे रडारही याच कंपनीने केले, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकांनी नाव न ऐकताही तिचे काम पाहिलेले आहे.

रडार चेंडूच्या मागे ठेवतात. ते सूक्ष्मलहरी सोडते आणि चेंडूवर आपटून परतलेल्या लहरींची कंपनसंख्या किती बदलली ते पाहते. हा डॉप्लर परिणाम. समजा रडार २४ गिगाहर्ट्झचे आहे आणि व्यावसायिक खेळाडूने ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबने, मारलेला चेंडू सेकंदाला ७५ मीटर वेगाने निघाला आहे. तर २४ अब्ज कंपनांत फरक पडतो १२ हजार कंपनांचा. एवढासा फरक ही यंत्रे सहज पकडतात. मैदानावर चेंडू पाच-सहा सेकंद हवेत असतो, रडार त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. चेंडू कुठे पडला याचा अंदाज करावाच लागत नाही, तो पडताना दिसतो. मोकळ्या मैदानावर रडारला तोड नाही, हे निःशंक म्हणावे.

खोलीत मात्र हिशेब उलटतो. त्याच ड्रायव्हरच्या फटक्याची फिरकी मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला ४५. तीन मीटर अंतर चेंडू ०.०४ सेकंदात कापतो. तेवढ्यात तो दोन गिरक्यासुद्धा पुऱ्या करत नाही. रडारला फिरकी कळते ती परतणाऱ्या लहरीतल्या बारीक, ठरावीक काळाने येणाऱ्या चढउतारांवरून, आणि असा चढउतार ओळखायला तो पुन्हा पुन्हा यावा लागतो. दोन गिरक्यांतून काय ओळखणार? सात नंबरच्या आयर्नला परिस्थिती सुधारते. मिनिटाला सुमारे ७,१०० फेऱ्या आणि वेग कमी, म्हणून तेवढ्याच अंतरात सहा-साडेसहा गिरक्या मिळतात. आखूड पल्ल्याच्या वेजला त्याहून जास्त. एकाच यंत्राचे वेजचे आकडे विश्वासाचे आणि ड्रायव्हरचे डळमळीत, ही घरात सराव करणाऱ्यांची तक्रार याच गणितातून आलेली आहे.

यावर उपाय निघाले. चेंडूवर धातूची छोटी टिकली चिकटवायची, म्हणजे ती दर फेरीला रडारला ठळक खूण देते. फ्लाइटस्कोपचे मेव्हो प्लस घरात वापरताना हीच शिफारस असते. चेंडू बनवणाऱ्या टायटलिस्टने तर ट्रॅकमनच्या सहकार्याने आवरणाखाली रडारला दिसणारी खूण असलेला चेंडूच काढला. २०२१ मध्ये सहाशे डॉलरला आलेल्या गार्मिनच्या आर१० ने घरगुती रडार खूप स्वस्त केले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण साधा चेंडू वापरून खोलीत खेळलात, तर त्याने दाखवलेली फिरकी बव्हंशी गणिताची असते. वेग पाहायला ते उत्तम. स्लाइस, म्हणजे बाजूला वळत जाणारा फटका, किती वळली असती हे ठरवायला त्याच्यावर विसंबू नये.

दुसरे घराणे कॅमेऱ्याचे. याचा पूर्वज एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांचा दिवा. त्यांनी १९३८ मध्ये डेन्समोर शूट या गोल्फपटूचा एक पूर्ण स्विंग झटपट लुकलुकणाऱ्या प्रकाशात एकाच छायाचित्रात टिपला. डोळ्याला न दिसणारी वाकलेली दांडी त्यात स्पष्ट दिसते. आजचे यंत्र चेंडूच्या शेजारी बसते, अवरक्त प्रकाशाचे झोत टाकते आणि फटका बसल्यावरच्या पहिल्या वीतभर प्रवासात चेंडूची अनेक चित्रे घेते. मग एका चित्रातल्या खळग्या किंवा छापील अक्षरे दुसऱ्या चित्रात किती सरकली ते मोजते. एका मिलिसेकंदात ड्रायव्हरचा चेंडू साडेसात सेंटिमीटर पुढे जातो आणि सोळा अंशांनी फिरतो. चित्रात हे नीट दिसते. अक्ष कुठे कलला आहे तेही दिसते. जाळी तीन मीटरांवर आहे की दोन, याचा त्याला फरक पडत नाही.

सॅन डिएगोच्या फोरसाइट स्पोर्ट्सची जीसीक्वाड आणि जीसी३ ही या घराण्यातली मातब्बर यंत्रे. जीसीक्वाडमध्ये चार कॅमेरे, जीसी३ मध्ये तीन. क्लबच्या तोंडावर परावर्तक टिकल्या लावल्या, तर जीसीक्वाड चेंडू तोंडाच्या कुठल्या बिंदूवर लागला तेही सांगते. २०१४ मध्ये सुमारे दोन हजार डॉलरला आलेल्या स्कायट्रॅकने हे तंत्र सामान्य घरांपर्यंत नेले. पण ते पहिले स्कायट्रॅक फक्त चेंडू पाहायचे. क्लबचा वेग ते चेंडूच्या वेगावरून मागे जाऊन काढायचे. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हे स्मॅश फॅक्टर नावाचे गुणोत्तर, जे ड्रायव्हरला दीडच्या आसपास गेले की खेळाडू खूश होतो, ते अशा यंत्रावर पाहण्यात अर्थ नव्हता. २०२३ च्या स्कायट्रॅक प्लसमध्ये क्लबसाठी रडार आले.

त्याच वर्षी ट्रॅकमनने घरातल्या वापरासाठी छताला टांगायचे आयओ हे यंत्र काढले आणि त्यात रडारच्या जोडीला कॅमेरे घातले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रडार कंपनीनेच खोलीपुरता कॅमेऱ्याचा आधार घेतला. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. रॅप्सोडोचे सातशे डॉलरचे एमएलएम२प्रो हेही रडार आणि कॅमेरा दोन्ही वापरते. मात्र फिरकी मोजायला त्याला खास नक्षी छापलेले चेंडू लागतात.

ही यंत्रे केवळ हौसेची नाहीत. चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि क्लबच्या तोंडाकडे वळतो, असे कित्येक वर्षे शिकवले जात होते. रडारच्या मोजमापांनी हे खोडून काढले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंड कुठे बघत होते त्यावर ठरते, आणि वळण तोंड व वाट यांतल्या फरकावर. जुन्या समजुतीने स्लाइस दुरुस्त करू पाहणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या भलतीच गोष्ट सुधारत होत्या.

खोलीतला गोल्फ खऱ्या अर्थाने रुजला तो दक्षिण कोरियात. मैदाने महाग, जागा कमी, हिवाळा कडक. तिथे २००० मध्ये किम यंग-चान यांनी गोल्फझॉन स्थापन केली आणि शहराशहरांत स्क्रीन गोल्फच्या खोल्या उघडल्या. कामावरून सुटलेली मंडळी रात्री अठरा होल खेळून घरी जातात. त्या खोल्यांत यंत्र वर छतात असते, त्यामुळे डावखुऱ्यासाठी काही हलवावे लागत नाही. युनीकॉरचे आय एक्सओ हे कोरियन यंत्रही छतालाच बसते.

आपल्याकडे अडचण निराळी. पुण्या-मुंबईत जोराचा पावसाळा आला की मैदान चिखलाचे होते आणि सरावात खंड पडतो, त्या महिन्यांसाठी खोलीतली सोय फार मोलाची. पण फ्लॅटचे छत साडेनऊ-दहा फूट, त्यात तुळई आणि पंखा. उंच माणसाचा ड्रायव्हर तेवढ्यात फिरत नाही, आणि दबकून मारायची सवय लागली तर सराव नुकसानच करतो. आर१० ला चेंडूच्या मागे सहा ते आठ फूट आणि पुढे निदान आठ फूट लागतात. त्यात स्विंगसाठी बाजूला जागा धरली, तर हॉल पुरत नाही. पंख्याची फिरती पाती आणि जुन्या ट्यूबलाइटचा लुकलुकाट रडारला गोंधळात टाकू शकतो, म्हणून सरावाच्या वेळी ते बंद ठेवलेले बरे.

यंत्र सरळ ठेवणे याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. एका अंशाची चूक तीन मीटरांवर पाच सेंटिमीटरांची असते, डोळ्याला जाणवतही नाही. तीच २०० मीटरांवर साडेतीन मीटर होते. यंत्र तिरपे बसले, तर नीट मारलेला प्रत्येक चेंडू बाजूला गेलेला दिसेल आणि खेळाडू चांगला स्विंग बिघडवून बसेल. उंचीची नोंदही अशीच राहून जाते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू मुंबईपेक्षा सुमारे दोन टक्के लांब जातो. सिम्युलेटरमध्ये ही उंची भरायची सोय असते, ती वापरावी.

तेव्हा खरेदीआधी खोलीला टेप लावा. चेंडूच्या मागे-पुढे मिळून सोळा फूट मोकळे मिळत नसतील, तर रडारचा विचार सोडा आणि चेंडूशेजारी बसणारा कॅमेरा घ्या. तो जुन्या पिढीतला असला तरी चालेल. जागा आहे आणि यंत्र मैदानावरही न्यायचे आहे, तर रडार घ्या, पण घरात खुणेचाच चेंडू वापरा. आणि दोन्ही बाबतींत विक्रेत्याला लेखी विचारा, की फिरकी आणि तिचा अक्ष हे यंत्र खोलीत, साध्या चेंडूवर मोजते की काढते. उत्तर गुळमुळीत आले, तर ते यंत्र घेऊ नका.