विडीधंद्यातील ‘सट्टेदार’

भंडाऱ्यापासून सागरपर्यंतच्या विडीधंद्यात मोठ्या कंपन्यांची पुरवठा-नीती ‘सट्टेदार’ या एका शब्दात सामावलेली आढळते. येथे सट्टा म्हणजे जुगार नव्हे, करार. कंपनीकडून तेंदूपत्ता व तंबाखू घ्यावयाचा, घरोघरी वाटावयाचा आणि वळलेल्या विड्या मोजून परत करावयाच्या, हे सट्टेदाराचे काम. विड्या शेकणे व त्यांवर छाप लावणे मात्र कंपनीच्या हाती. नापास विड्यांचा तोटा बहुधा वळणाऱ्या बाईच्याच माथी!

१९५८ मध्ये, सागरच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदारास स्वतंत्र कंत्राटदार ठरविले. साहजिकच त्याची माणसे कारखान्याची कामगार ठरली नाहीत, आणि पगारी रजेचा हक्कही त्यांना उरला नाही. १९६६ च्या अधिनियमाने घरी विड्या वळणाऱ्यांस कामगार मानले व सट्टेदारामागील मुख्य मालकासही जबाबदार धरले.