पाठीतलं पाणी : भीती आणि वस्तुस्थिती

एका डोळ्याला अंधूक दिसतं, पाय जड पडतात, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. अशा तक्रारी घेऊन वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याचा माणूस आर्वी गाठतो, तिथून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. एमआरआयही करून घेतो. पण डॉक्टर 'पाठीतलं पाणी', म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, 'तपासू' म्हणाले की घरचे मागे सरतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच्या निदानात ही भीती फार महागात पडते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. उपचारांना उशीर झाला, तर काही तंतू कायमचे जातात.

गैरसमज : पाणी काढलं की माणूस लुळा पडतो.
वस्तुस्थिती : मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये टोचतात. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, जागा बधिर करतात आणि पाणी थेंबथेंब नळीत पडू देतात. काहींचं डोकं नंतर दुखतं; बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर हा त्रास कमी होतो. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर मात्र ते आधीच सांगा.

गैरसमज : काढलेलं पाणी भरून येत नाही.
वस्तुस्थिती : शरीरात हे पाणी सुमारे 150 मिली असतं आणि रोज साधारण 500 मिली नवं तयार होतं. तपासणीसाठी दोन चमचे, म्हणजे 10 मिली घेतलं, तर ते अर्ध्या तासात भरून निघतं.

गैरसमज : रक्त तपासलं, आता पाण्याची गरज काय?
वस्तुस्थिती : एमएसमधली सूज मेंदू-मज्जारज्जूच्या आत असते. तिथे तयार झालेली प्रतिपिंडं तपासणीत पट्ट्यांसारखी उमटतात. त्यांना ऑलिगोक्लोनल बँड म्हणतात. हाताचं रक्तही त्याच वेळी घेतात, कारण पट्टे पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, हेच पाहायचं असतं. निदानाच्या 2017च्या निकषांनी या पट्ट्यांना मोठं वजन दिलं. 2024च्या सुधारणेत कप्पा फ्री लाइट चेन या प्रथिनाची मोजणीही आली.

गैरसमज : पट्टे दिसले म्हणजे एमएस, नाही दिसले म्हणजे सुटलो.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. मेंदूच्या काही संसर्गांतही पट्टे दिसतात. उलट, पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या सुमारे नव्वद एमएस रुग्णांत ते सापडतात, आशियाई रुग्णांत त्याहून कमी. म्हणून लक्षणं, एमआरआय आणि पाणी एकत्र वाचावं लागतं. आपल्याकडे मेंदूचा क्षयरोगही आढळतो आणि याच पाण्यातल्या पेशी, साखर, प्रथिनं त्याचा माग देतात. हा फरक जिवाचा आहे : संसर्ग ओळखायचा राहून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली, तर तो भडकू शकतो.

गैरसमज : औषध लागू पडलं का, हे पाहायला दरवर्षी पाणी काढावं लागतं.
वस्तुस्थिती : पट्टे बहुधा आयुष्यभर राहतात, त्यांवरून औषधाचा गुण कळत नाही. त्यासाठी तपासणी आणि एमआरआय पुरतात. पाण्याचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये जपून ठेवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी तो कामी येतो.