पाऊस न अडवणारा जादूगार

ओगिअनने एकदा भूकंप आवरला होता, ही ख्याती अख्ख्या गाँट बेटावर. अशा माणसाकडे उमेदवारीला राहिलेल्या तेरा वर्षांच्या गेडला वाटतं, आता चमत्कारच चमत्कार. प्रत्यक्षात गुरूच्या घराकडे जाताना वाटेत पाऊस येतो आणि गुरुजी मुकाट एका दाट झाडाखाली जाऊन आडवे होतात. गेड ओल्या झुडपांत चडफडत बसतो. गाँटवर हवामानाच्या मांत्रिकांना तोटा नाही. एकाने ढग हाकलला की तो दुसऱ्याच्या डोक्यावर, त्याने हाकलला की तिसऱ्याच्या, असं करत बिचारा ढग शेवटी समुद्रावर जाऊन रिता होतो. ओगिअन तेवढा हा मंत्र म्हणत नाही.

अर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतली जादू समजून घ्यायची तर या पावसापासून सुरुवात करावी. इथे जादू फुकट होत नाही, तिची किंमत कुणीतरी मोजतं. हे तत्त्व पुष्कळ अद्भुतकथांत तोंडी लावण्यापुरतं असतं. ले ग्विनबाईंनी मात्र ‘कुणीतरी’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न पहिल्या कादंबरीपासून शेवटच्या कादंबरीपर्यंत 33 वर्षं सोडला नाही. त्याची झळ स्वतःच्याच आधीच्या पुस्तकांना लागली, तीही लागू दिली.

पहिलं पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, 1968चं. बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने बाईंना कुमारवयीन वाचकांसाठी लिहायला सांगितलं. तोवरच्या गोष्टींतले जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारे. हे लहानपणी शिकले कुठे, असा प्रश्न बाईंना पडला आणि रोक बेटावरची शाळा उभी राहिली. हॉगवर्ट्सची घंटा वाजायला अजून 29 वर्षं होती.

रोकवर मुख्यतः नावं शिकवतात. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं प्राचीन भाषेतलं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. नामगुरू दूरच्या एका एकाकी मनोऱ्यात राहतो. तिथे मुलं एकेका समुद्रातल्या प्रत्येक खाडीचं, भूशिराचं, खडकाचं नाव घोकतात. मध्यरात्री पानावरची शाई आपोआप उडते, त्यामुळे त्याआधी पाठ व्हायलाच हवं. दुसरा एक गुरू गेडसमोर साध्या खड्याचा हिरा करून दाखवतो. हा कायमचा हिरा कसा करायचा, असं गेड विचारतो. गुरूचं म्हणणं असं: बदललं ते फक्त दिसणं, खडा खडाच आहे. तो खरोखर बदलायचा तर त्याचं नाव बदलावं लागेल आणि तेवढ्याने जग बदलेल. रोकवर पाडलेल्या पावसाने ऑस्किल बेटावर दुष्काळ पडू शकतो, असा इशारा गेडला त्याच शाळेत मिळतो.

पुढे गेडचा मित्र वेच याच्या घरी, प्रवासाची शिदोरी तयार होत असताना, वेचची धाकटी बहीण यॅरो अगदी व्यवहारी प्रश्न विचारते: जादूगार आहात, मग मंत्र म्हणून जेवण का नाही आणत? उत्तर मिळतं की आणता येईल, वासही येईल, चवही लागेल, पोट भरल्यासारखंही वाटेल. पण उपाशी माणसाच्या अंगात त्याने बळ येणार नाही. मालिकेतलं जादूचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या गुरूच्या तोंडी नाही, या स्वयंपाकघरात सापडलं.

नावाचा हा धागा लेखिकेच्या घराशीही लावून पाहता येतो. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ जमातीचा, 1911 साली एकटाच उरलेला माणूस त्यांच्या संग्रहालयात पुढची जवळपास पाच वर्षं राहिला. त्याच्या रिवाजात आपलं नाव आपण सांगायचं नसतं, आणि ते सांगायला त्याच्या माणसांपैकी कुणी उरलं नव्हतं. क्रोबरांनी त्याला ‘इशी’ म्हटलं. त्याच्या ‘याना’ भाषेत त्याचा अर्थ माणूस. खरं नाव घेऊनच तो 1916मध्ये गेला. अर्सुलांच्या आई थिओडोरा यांचं त्याच्यावरचं पुस्तक 1961चं आणि अर्सुलांची ‘द रूल ऑफ नेम्स’ ही अर्थसीतली कथा 1964ची. (आपल्याकडेही गृह्यसूत्रांत बाळाचं एक गुप्त नाव आईबापांपुरतंच ठेवायला सांगितलं आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये.)

नाव म्हणजे सत्ता, म्हणून नाव सांगणं म्हणजे विश्वास. शाळेतल्या जॅस्पर या मुलाशी पैज लावून गर्वाने मेलेल्या राणीला बोलावणाऱ्या गेडच्या हातून एक काळी छाया जगात सुटते; ती जिथून आली ती भेग बुजवताना शाळेचा वृद्ध प्रमुख नेमर्ल प्राण गमावतो. चेहऱ्यावर व्रण आणि कपाळी दोष घेऊन गेड महिनोन्‌महिन्यांनी उठतो. अशा वेळी वेच त्याला आपलं खरं नाव सांगून टाकतो. मंत्र नाही, तंत्र नाही, आणि तरी पुस्तकातलं सर्वांत मोठं औदार्य हेच. छाया शेवटी मरत नाही. गेड तिला नावाने हाक मारतो; ते नाव त्याचं स्वतःचंच असतं.

गोरो मियाझाकी यांचा अर्थसीवरचा 2006चा चित्रपट बाईंना खटकला तो याच मुद्द्यावर: तिथे दुष्टपणा एका खलनायकात गोळा केला आणि त्याला मारलं की प्रश्न मिटला. त्याआधी 2004च्या दूरचित्रवाणी मालिकेने तांबूस-तपकिरी गेडला गोरा केला होता, त्यावरही त्या जाहीरपणे बरसल्या.

इथवर सगळं सुंदर आहे आणि जरा जास्तच सुंदर. हा समतोल सांभाळणारे सगळे पुरुष. रोकवर मुलींना प्रवेश नाही, गाँटवर बायकांच्या जादूची टिंगल करणाऱ्या म्हणी, आणि तिसरं पुस्तक, ‘द फार्देस्ट शोअर’, येईपर्यंत (1972) लेखिकेला त्यात काही वावगं दिसलेलं नव्हतं. 18 वर्षांनी, 1990मध्ये, ‘तेहानू’ आलं. त्यात जादू गमावलेला गेड शेळ्या राखतो. कथा आहे टेनारची, एका शेतकऱ्याच्या विधवेची, आणि आपल्याच माणसांनी अत्याचार करून आगीत टाकलेल्या एका पोरीची. कुठल्याही मंत्राने तिचे व्रण जात नाहीत. पहिल्या तीन पुस्तकांवर जीव लावलेले बरेच वाचक रागावले. मला हे मालिकेतलं सर्वांत धाडसी पुस्तक वाटतं.

2001मध्ये बाई आणखी पुढे गेल्या. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मधल्या एका कथेतून कळतं की रोकची शाळा उभारण्यात बायकांचा मोठा हात होता, त्यांना नंतर बाहेर काढलं. आणि ‘द अदर विंड’मध्ये तर मूळच उखडलं जातं. अर्थसीतला मेलेल्यांचा कोरडा, वारा नसलेला प्रदेश निसर्गाने केलेला नव्हता. मरण टाळू पाहणाऱ्या जुन्या जादूगारांनी ड्रॅगनांच्या वाट्याची भूमी बळकावून तिला कुंपण घातलं होतं, तेही नावांच्याच विद्येने. किंमत मेलेले मोजत होते: सुटका नाही, पुनर्जन्म नाही. शेवटी त्या कुंपणाची दगडी भिंत पाडावी लागते. कादंबरी म्हणून ‘द अदर विंड’ थोडी बोलघेवडी आहे, बैठकी आणि सल्लामसलती फार. पण आपल्या सर्वांत लाडक्या कल्पनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारे लेखक फार नसतात.

वाचायची तर ही सहा पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा, आणि पहिली तीन संपवून थांबू नका. चौथं हाती घेण्याआधी वाटल्यास काही वर्षं जाऊ द्या. बाईंनीही जाऊ दिली होती.